खिळ्यावर टांगलेला पक्ष

आमच्या लेकीच्या शाळेच्या गेटला, उजव्या हाताच्या खांबावर, एक खिळा होता. खिळा कसला, चांगला बोटभर लांब लोखंडी आकडाच. सकाळी त्याला उपरणं लटकलेलं दिसलं की समजायचं, अध्यक्ष आत आहेत.

अध्यक्ष म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत ते वापरायची कुणाला सवय नव्हती. त्यांची बायकोसुद्धा गच्चीवरून ओरडायची, "अध्यक्ष, दळण राहिलंय!" आमच्या समोरचंच घर त्यांचं. धंदा मंडपाचा. लग्नाला, मयताला, सभेला खुर्च्या भाड्यानं द्यायच्या. शेकडो खुर्च्या घरात असलेला हा माणूस शाळेतल्या एका डुगडुगत्या खुर्चीसाठी जीव टाकायचा, हे मला कधी नीट समजलं नाही.

ते एका पक्षाचे वॉर्डातले कार्यकर्तेही होते. आता शाळेच्या आवारात राजकारण करू नये, असा नियम आहे. इतर लोक हा नियम ऐकतात, मान डोलावतात आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पोरांना उन्हात ओळीनं उभं करतात. अध्यक्षांनी नियम अगदी शब्दशः घेतला. आवार गेटपासून सुरू होतं ना? मग पक्ष गेटपाशी काढायचा. म्हणून तो खिळा. स्वतः हातोडी आणून ठोकलेला. उपरणं काढायचं, घडी करून लटकवायचं, त्याला एकदा हात लावून घ्यायचा आणि आत पाऊल टाकायचं.

मी समितीवर असताना उपरण्याचा रंग दोन-तीनदा बदलला. खिळा तोच. आमच्या घरी पेपर उशिरा यायचा, पण लेक शाळेतून आली की बातमी सांगायची, "आई, आज अध्यक्षांचं नवीन!" त्यावरून आमचे हे ओळखायचे, वॉर्डात वारं कुठं वळलंय.

नुसतं उपरणंच नाही, गेट ओलांडलं की त्यांची भाषासुद्धा बदलायची. बाहेर "लई", "व्हय", "काय करायलाय बे". आत आले की एकदम छापील. "सदर बाब विचाराधीन आहे" हे वाक्य मी आयुष्यात प्रथम माणसाच्या तोंडून ऐकलं ते त्यांच्याच. त्याआधी ते फक्त कागदावर राहतं, असा माझा समज होता.

एकदा समितीच्या सभेनंतर रजियाभाभीनं त्यांना गाठलं. ती माझ्यासारखीच पालक सदस्य, नवरा बेकरीत. म्हणाली, "अध्यक्षसाब, गल्ली का नल आठ दिन से सूखा पड़ा है. तुम्हारी पार्टीवालों को बोलो ना जरा."

अध्यक्षांनी हात जोडले. "भाभी, हा विषय शाळेच्या कक्षेबाहेरचा आहे. आपण त्या गृहस्थांना भेटावं."

"किस गृहस्थ को?"

"ते गेटबाहेर भेटतात."

एवढं बोलून ते चालत गेटबाहेर गेले, खिळ्यावरचं उपरणं गळ्यात घातलं आणि वळून म्हणाले, "हां भाभी, बोला. नळाचं काय झालं म्हनता?"

रजियाभाभी माझ्याकडं बघत राहिली. "या अल्ला! अभी तो अंदर खड़े थे ना ये?"

"ते येगळे," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "ते लई कडक हायत. त्यांच्यापुढं पक्षाचं नाव काढू नका."

मी त्या समितीवर कशी गेले तेही सांगून टाकते, म्हणजे आमच्या लोकशाहीची कल्पना येईल. समितीत अर्ध्या बायका पाहिजेत असा नियम. पालकांची सभा चालली होती आणि मी लेकीची हरवलेली पाण्याची बाटली शोधायला वर्गात डोकावले. "या, ताई, या," अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. मला वाटलं, बाटली सापडली. मी उपाध्यक्ष झाले होते. बाटली अजून सापडलेली नाही. घरी आमच्या ह्यांनी तेव्हापासून "उपाध्यक्ष, चहा टाकणार की विषयपत्रिकेवर घेऊ?" असं सुरू केलं. समितीत माझं काम मान डोलावण्याचं. ते मी मन लावून केलं.

मुलींच्या संडासाचं दार तुटलं तेव्हा मात्र मी मानेऐवजी तोंड वापरलं. अध्यक्ष म्हणाले, "मागणी रीतसर यायला हवी." दुसऱ्या दिवशी गेटवर घोषणा! उपरणं घातलेले अध्यक्ष पुढं, मंडपाच्या गोदामातली चार माणसं मागं. "दार बसवा, नायतर खुर्ची सोडा!" घोषणा संपल्या, अध्यक्षांनी उपरणं खिळ्याला लावलं, आत येऊन स्वतःच्या खुर्चीवर बसले आणि मोकळ्या गेटकडं बघत म्हणाले, "आपल्या भावना मी वरपर्यंत पोहोचवतो." मग पुन्हा बाहेर गेले, उपरणं घातलं आणि माणसांना म्हणाले, "मानूस चांगलाय रे. पन वरचे ऐकत नायत त्याचं." दार शेवटी रजियाभाभीच्या भावानं बसवलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि तो कुठल्याच पक्षात नाही.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अध्यक्षांना ताप चढल्यासारखं व्हायचं. शाळेत मतदान केंद्र, म्हणून शाळेत कुणाचंही चिन्ह दिसता कामा नये. अपक्षांना मिळू शकणारी चिन्हं त्यांना तोंडपाठ होती. पहिलीच्या वर्गातली छत्री झाकली, कपबशी झाकली. खिचडीच्या गॅस सिलिंडरवर चादर टाकली, तर स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "आता माझ्यावरबी टाका, माझं नाव कमळाबाई हाय." खेळाच्या सरांची शिट्टी जप्त झाली, कारण शिट्टी कुठल्याशा उमेदवाराला मिळाली होती. सर महिनाभर टाळ्या वाजवून कवायत घेत होते आणि पोरं टाळ्यांना टाळ्यांनी उत्तर देत होती.

पाण्याच्या टाकीवर उद्घाटनाची फरशी होती, तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. पण त्या फरशीवर पुढाऱ्याच्या नावाखाली अध्यक्षांचंही नाव होतं, बारीक अक्षरात. दुसऱ्या दिवशी बघते तर वर्तमानपत्राला ब्लेडनं चौकोनी खिडकी पाडलेली, आणि खिडकीतून नेमकं तेवढंच नाव बाहेर बघतंय.

मी विचारलं, "हे हो काय, अध्यक्ष?"

"उपाध्यक्ष, पालक ही राजकीय व्यक्ती नसते."

आता खरी अडचण सांगते. ती याच शब्दात होती. समितीचा अध्यक्ष पालकच लागतो, आणि पालक म्हणजे ज्याचं मूल त्या शाळेत शिकतंय तो. अध्यक्षांना दोनच मुलं. थोरली मुलगी शाळेतून कधीच बाहेर पडलेली, आणि धाकटा सातवीला आला. शाळा सातवीपर्यंतच. पोरगं जसं पुढं सरकत होतं तशी बापाची खुर्ची मागं सरकत होती. परीक्षा झाल्यावर ते मुख्याध्यापिका मॅडमकडं गेले. मीही होते.

"मॅडम, चिरंजीवांचा पाया कच्चा वाटतो. आणखी एक वर्ष सातवीत बसवावं, असं माझं प्रामाणिक मत आहे."

मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अहो, तो वर्गात पहिला आलाय."

"पहिला आला म्हणजे पाया पक्का असतो असं नाही."

पोरगा पास झालाच. बापाच्या इतक्या विरोधाला न जुमानता पास झालेलं दुसरं मूल मी पाहिलेलं नाही.

आणि त्या जूनमध्ये भागी आली.

भागी म्हणजे त्यांच्या बहिणीची पोरगी. बहीण आणि मेव्हणे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे, आज या गावच्या शिवारात तर उद्या त्या. पोरगी जन्मली तीही अशीच मेंढरांच्या वाड्याशेजारी, त्यामुळं जन्माचा दाखला वगैरे काही नाही. वय नऊच्या आसपास, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कायद्यानं दाखला नसला तरी शाळेत घ्यावं लागतं, आणि वयाप्रमाणं वर्गात बसवावं लागतं. पोरगी सरळ चौथीत. पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभी राहून तिनं सगळ्यांवर नजर फिरवली आणि मला विचारलं, "काकू, एवढी लेकरं कोंडून का ठिवलीत?"

अध्यक्ष मामा म्हणून पालक झाले असते, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण गल्लीच्या तोंडावर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या मालकाचाही मुलगा शाळेत, आणि त्याचाही डोळा त्याच खुर्चीवर. त्यानं भर सभेत विचारलं, "आईबाप जित्ते असताना मामा पालक कसा?" अध्यक्ष उठून उभे राहिले. मग छापील आवाजात म्हणाले, "मामा कोण? मी वडील आहे." आणि भागीच्या प्रवेश-अर्जात बापाच्या रकान्यात स्वतःचं नाव लावून मोकळे झाले. त्या कागदाची एक प्रत फायलीला हवी होती. ती काढायला गेले कुठं, तर त्याच झेरॉक्सच्या दुकानात. रागाच्या भरात माणसाला दुसरं दुकान दिसत नाही.

भागीसाठी नियम ठरला. गेटच्या आत "पप्पा", बाहेर "मामा". रोज सकाळी अध्यक्ष एका हातानं उपरणं लटकवायचे आणि दुसऱ्या हातानं तिचं दप्तर सारखं करत विचारायचे, "आता मी कोण?"

"पप्पा."

"बापाचं नाव काय?"

ती अध्यक्षांचं पूर्ण नाव खणखणीत म्हणायची. आठवड्याभरात सगळ्या शाळेला हा खेळ झाला. पोरं तिला गेटच्या रेघेवर एक पाय आत, एक पाय बाहेर असं उभं करायची आणि ओरडायची, "आता कोण?" भागी विचार करून म्हणायची, "अर्धा मामा."

आम्ही पोट धरून हसलो. हसायला काय, मंडपवाल्याची खुर्ची टिकली होती, पोरगी शिकत होती. तिची वेणी मी घालायची, कारण मामींना तिचे केस आवरत नव्हते. मलाही आवरत नव्हते, पण मी उपाध्यक्ष.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली. स्वतःचा मुलगा कोणत्या तुकडीत आहे हे ज्यांना कधी सांगता आलं नाही, ते अध्यक्ष भागी कोणत्या पाढ्यावर अडते ते सांगायचे. एकदा तिला वर्गात सणकून ताप भरला. अध्यक्ष कार्यालयात होते. पोरीला खांद्यावर टाकून जे निघाले ते थेट दवाखान्यात. उपरणं खिळ्यावरच राहिलं. संध्याकाळी एक शेळी ते शांतपणे खाताना रजियाभाभीनं पाहिली. मला हाक मारून म्हणाली, "देखो, आधी पार्टी खा गई!"

आणि मग वर्षानुवर्षं लांबत गेलेली महापालिकेची निवडणूक एकदाची लागली. भागी तेव्हा सातवीत. पक्षानं अध्यक्षांना तिकीट दिलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या सभेला खुर्च्या लावलेल्या माणसाला स्वतःची सभा मिळाली. गल्लीत पेढे वाटले. मामींनी पहिल्यांदाच "अहो, नगरसेवक" अशी हाक मारून पाहिली.

पेढ्यांचा डबा झेरॉक्सच्या दुकानातही गेला. त्यानं पेढा खाल्ला आणि हरकत घेतली. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर नगरसेवक होता येत नाही. अध्यक्षांची दोन, आणि शाळेच्या कागदावर तिसरी. खुर्ची राखायला जे मूल कमी पडत होतं, तेच आता जास्त झालं.

तशी गोष्ट अवघड नव्हती. ही बहिणीची मुलगी, एवढं बोललं की मिटलं. शाळेचं अध्यक्षपद गेलं असतं, पण नगरसेवकापुढं त्याची काय पत्रास? मेंढरं सोडून ये म्हणून बहिणीला बोलावून घेतलं. पक्षानं वकील दिला. त्यांच्या दिवाणखान्यात आमची सगळ्यांची तालीम झाली. मला साक्षीला दोन वाक्यं होती, भागीला तीन. शेवटचं वाक्य वकिलानं घातलं होतं, जोर यावा म्हणून. भागीनं ते भिंतीकडं तोंड करून पाठ केलं. अध्यक्ष मोबाइलवर बोलत येरझाऱ्या घालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "झकास."

छाननीच्या दिवशी निवडणूक कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. झेरॉक्सवाल्यानं कागद पुढं केला. "साहेब, ही प्रत. ह्यांनीच माझ्या दुकानात काढली. मी हमेशा दोन काढतो. एक गिऱ्हाइकाची, एक आपली."

अधिकाऱ्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं. "सोपा प्रश्न आहे. ही मुलगी तुमची की बहिणीची?"

"सदर कन्या माझ्या भगिनीची असून..."

"मग शाळेत वडील म्हणून तुमचं नाव कसं?"

"शाळेच्या गेटच्या आत मी तिचा पिता आहे, साहेब. बाहेर मामा."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. असं उत्तर नोंदवायला त्यांच्याकडं रकाना नसावा. झेरॉक्सवाल्याचा वकील म्हणाला, "साहेब, मुलीलाच विचारा ना. ती समोरच आहे."

अधिकारी बिचारे मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, हे तुझे कोण?"

भागीनं दाराकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं आणि अध्यक्षांना विचारलं, "हे आत हाय का भाईर?"

सगळं कार्यालय हसलं. अध्यक्षही हसले. "बाहेर, बाळ. बाहेर."

मग भागीनं हात जोडले, शाळेत कविता म्हणतात तशी पायाची बोटं जुळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हे माझे मामा आहेत. माझे वडील मेंढरं राखतात. मी ह्यांची कुणी नाही."

एवढं शुद्ध ती पहिल्यांदाच बोलली असेल. एक शब्द चुकला नाही. आमचा वकील खूश झाला. अधिकाऱ्यांनी पेन उचललं. मी अध्यक्षांकडं पाहिलं, शाबासकी द्यायला हात पुढं करतील म्हणून. त्यांचा हात पुढं आलाही, पण तिच्या डोक्यापर्यंत पोचला आणि तिथंच राहिला.

"खोटं बोलतीय ती, सायब," ते म्हणाले. छापील आवाज कुठल्या कुठं गेला होता. "पोरगी घाबरलीय. माझीच हाय ती."

वकील त्यांचा शर्ट ओढायला लागला.

अधिकारी म्हणाले, "विचार करून बोला. अर्ज बाद होईल."

"व्हऊ द्या. तीन हायत मला. लिहा तीन."

कोपऱ्यातून पदराआडून बहिणीचा आवाज आला, "दादा, मग मी कोण हिची?"

"आत्या!" मी बोलून गेले. पाठ केलेली दोन वाक्यं तशीच राहिली. वर्षानुवर्षं नुसती मान डोलावणाऱ्या उपाध्यक्षांनी सरकारदरबारी दिलेली ती एकमेव साक्ष, आणि तीही धडधडीत खोटी.

अर्ज बाद झाला. झेरॉक्सवाला जिंकला, पण त्याचं तोंड पेढा परत द्यायची वेळ आल्यासारखं झालं होतं. पक्षानं अध्यक्षांच्या जोडीला एक डमी अर्ज भरून ठेवला होता, कुणा बिल्डरच्या मेव्हण्याचा. तोच निवडून आला. झेंडावंदनाला शाळेत आला तो उपरण्यासकट. खिळ्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

अध्यक्ष गल्लीत सगळ्यांना समजावून सांगत होते. "नाय म्हनलो असतो तर आजवरचं माझं अध्यक्षपद बेकायदा ठरलं असतं. समितीचे समदे ठराव रद्द! म्या कायद्याचा मान राखला." आमचे हे म्हणाले, "खोटं बोलून?" अध्यक्षांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मामी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, भागीशी मात्र बोलत होत्या.

एप्रिलमध्ये भागी सातवी पास झाली. या वेळी अध्यक्ष मॅडमकडं पाया कच्चा असल्याचं सांगायला गेले नाहीत. खुर्ची गेली. आता झेरॉक्सवाला अध्यक्ष आहे. माझी लेकही त्याच वर्षी बाहेर पडली, त्यामुळं माझंही पद गेलं. आमच्या ह्यांना चहा मागायला आता नवीन शब्द शोधावा लागतोय.

परवा गुलमंडीत गणवेशाचं कापड घ्यायला गेले, तर दुकानात अध्यक्ष. पुढं कापडाचे गठ्ठे, शेजारी भागी. भागीनं कापड बोटांत धरून पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "पप्पा, ह्यो लई जाड हाय. उकडंल."

शाळा तिथून दोन कोस लांब. मला राहवलं नाही. "अध्यक्ष, इथं गेट कुठं दिसेना?"

त्यांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. सवयीनं हात खांद्याकडं गेला, तिथं काही नव्हतं.

"गुलमंडी आतच धरा, ताई," ते म्हणाले आणि दुकानदाराकडं वळले. "दुसरं दाखवा. पातळ. पोरगी काय म्हनतीय ऐकलं ना?"

मला बाई भरून आलं. इतकी वर्षं नुसतं हसत आलेल्या माझ्यासारख्या माणसांवर वाईट दिवस येतात ते असे. मी डोळे पुसायला पदर शोधत होते, तेवढ्यात अध्यक्ष माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"हायस्कूललाबी समिती असती, ताई. पालक लागतो. काल गेट बघून आलो. खिळा नाय. ठोकावा लागंल."

"पण अध्यक्ष, उपरणं कुठंय आता?"

"बोलनी चालू हायत," ते म्हणाले.